तीन खुंट

चौकात चार खांब उभे आहेत, ओकाचे,
वर दोन आडवे वासे, रहाटाची गंजलेली दांडी.
पोटपट्ट्याचं चामडं केव्हाच कुजून गेलं.
मेयरच्या कचेरीने आता तिथे
जिरॅनियमच्या कुंड्या टांगल्या आहेत.

लेओन्स व्हिदालां, वय एक्क्याऐंशी,
कांतालच्या डोंगरातल्या या गावचा शेवटचा नालबंद,
खांबावर तळवा ठेवून सांगतो, आणि मध्ये मी, दुभाषी:
बैल घोड्यासारखा नसतो, बाई.
तीन पायांवर त्याला उभं राहता येत नाही.
पोटाखालून पट्टा घालायचा, शिंगं वाशाला आवळायची,
रहाट फिरवायचा, आणि सगळा बैल
भरल्या पोत्यासारखा तोलून धरायचा.
मग तो ओरडत नाही. नुसता बघतो.

याला म्हणतात काय? विनिफ्रेड अ‍ॅस्क्यू विचारते.
त्राव्हाय, तो म्हणतो.

ती हसते, मग हसायची थांबते.
बत्तीस वर्षं डर्बीशरच्या खेड्यांतून
सायकलला पिशवी बांधून फिरलेली सुईण ती.
तिच्या इंग्रजीत हा शब्द अजून आहे, ट्रव्हेल,
जुना, चर्चच्या बाकांवर मागे राहिलेला.
म्हणजे वेणा. बाई अडली की येतात त्या.
आमच्यात त्याचा अर्थ काम, लेओन्स म्हणतो,
साधं, रोजचं, पगाराचं काम.
आणि ट्रॅव्हल, मी मध्येच बोलतो,
ज्यासाठी बाईंनी तिकीट काढलं, तोही यातलाच.

मुळात, कोशकार सांगतात, तीन खुंट होते.
लॅटिन बोलणाऱ्यांनी जमिनीत रोवलेले,
माणूस बांधून छळायला.
काही पंडित मान हलवतात, पुरावा तोकडा म्हणतात.
असेल. इथे तर चार आहेत.
चौथा कधी रोवला, कोणी, कोणासाठी,
याची नोंद नाही.

मी गप्प. माझ्या भाषेत
कष्ट म्हणजे मजुरीही आणि दुखणंही,
यातायात म्हणजे जाणं-येणं, आणि त्यात जीव मेटाकुटीला येणं.
आम्हाला कुणी खुंट दाखवले नव्हते,
तरी आम्ही शब्द तिथेच नेऊन बांधले.

लेओन्सचा हात अजून खांबावरच.
फेब्रुवारी, तो म्हणतो, साल एकसष्ट.
खिंड बर्फाने बुजली, खालच्या गावची सुईण वर येईना.
एर्नेस्टीनला पहाटे सुरू झालं.
मी इथे होतो. शेजाऱ्याचा बैल पट्ट्यात,
दोन पाय झालेले, दोन राहिलेले.
बैल अर्धवट सोडता येत नाही.

बैल अर्धवट सोडता येत नाही.
तो दोनदा म्हणतो.
मी भाषांतर एकदाच करतो.

विनिफ्रेड सांत्वन करत नाही. धंद्याचं विचारते:
तिने काय धरलं होतं?
त्याला कळत नाही. मी पुन्हा सांगतो:
कळ आली की बाई काहीतरी धरते,
खाटेचा खूर, दोरी, कुणाचा तरी हात.

माहीत नाही, लेओन्स म्हणतो.
मी हे धरून होतो.

खाली वळणावर बसचा हॉर्न वाजतो.
विनिफ्रेड कुंडी बाजूला सारून वाकते,
चौकटीत शिरते, उभी राहते,
मिटलेली छत्री पोटाशी धरून.
तिथून काय दिसलं ते ती सांगत नाही.

लेओन्स खिशातून नाल काढतो. पातळ, स्वल्पविरामाच्या आकाराचा.
बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन लागतात.
एक तिच्या तळहातावर ठेवतो.
हिने आयुष्यभर नाळ कापली, याने नाल ठोकला,
यांच्यात माझ्याकडे एका अक्षराचं अंतर आहे
आणि ते दोघांपैकी कुणालाही समजावता येणार नाही.

जोडीतला दुसरा कुठे? मी विचारतो.
तो कुंडी पुन्हा जागेवर टांगत असतो.